चव दिसत नाही, म्हणून

मंडळी, टीव्हीवरच्या पाककला स्पर्धेची मूळ अडचण अशी, की ज्यावर निकाल लागतो ती चवच पडद्यातून पोचत नाही. धावण्याच्या शर्यतीत कोण पुढे आहे हे आपण स्वतः पाहतो. इथे परीक्षकाच्या शब्दावर विसंबावं लागतं. सेटवरची सगळी मांडणी ही उणीव भरून काढण्यासाठी असते.

पहिला आधार घड्याळाचा. जपानमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या ‘आयर्न शेफ’नं हे ओळखलं होतं: ऐनवेळी जाहीर होणारा एक घटक, हातात एक तास आणि जोडीला सामन्यासारखं धावतं समालोचन. चव कळत नसली, तरी दहाच मिनिटं उरलीत आणि केक अजून ओव्हनमध्येच आहे, हे कुणालाही कळतं. वेळ ठरवणं मात्र नाजूक काम आहे. सवयीच्या हाताला ७० मिनिटं लागणारा पदार्थ ६० मिनिटांत करायला लावला तर चुरस येते. ४० मिनिटंच दिली तर सगळ्यांचंच कच्चं राहतं आणि तुलनाच संपते. केकच्या फेरीत घात होतो तो बहुधा निवण्याच्या वेळेत. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळतं. आतून कोमट राहिलेल्या केकवर बटरक्रीम, म्हणजे लोणी-साखरेचा फेटलेला थर, लावलं, की आधी कडा चकाकायला लागते, मग थर हळूच सरकतो. कॅमेरा नेमका त्या कडेवर रोखलेला असतो.

दुसरा आधार चित्राचा आणि आवाजाचा. वाफ टिपायची तर दिवा मागून किंवा बाजूनं लागतो आणि मागे गडद रंग. समोरच्या उजेडात ती दिसतच नाही. पावाच्या कवचावर सुरी फिरते तो कुरकुर आवाज तर माझ्या मते शंभर विशेषणांपेक्षा मोलाचा. माइक जवळ हवा, एवढंच.

वेळ संपली की आधी ताटांचं चित्रण होतं, मग एकेकाचं परीक्षण. शेवटच्याची पाळी येईस्तोवर सॉसवर साय धरते, तळलेलं मऊ पडतं. म्हणून बऱ्याच ठिकाणी परीक्षक रांधणं चालू असतानाच ओट्याओट्यापाशी जाऊन चव घेतात. स्पर्धकांची मनोगतं मागाहून, त्याच कपड्यांत घेतात आणि वर्तमानकाळात बोलायला लावतात. त्यामुळे “मला भीती वाटतेय” हे वाक्य त्या क्षणाचं वाटतं.

निकालाआधीची शांतता मात्र फार ताणली जाते. ते सेकंद पदार्थाला द्यायला हवेत. उदाहरणार्थ, अंड्याचा बलक आणि लोणी एकजीव करून केलेला हॉलंडेज सॉस फुटतो तो आच वाढल्यानं किंवा लोणी भराभर ओतल्यानं. बलक शिजून गोळा झाला नसेल, तर चमचाभर कोमट पाणी घालून फेटल्यावर सॉस बहुतेकदा पुन्हा मिळून येतो. कॅमेरा तेवढा वेळ त्या भांड्यावर थांबला, तर घरी बसलेल्यालाही फुटलेला सॉस ओळखता येतो आणि पुढच्या फेरीत परीक्षकानं तोंड उघडण्याआधीच तो म्हणतो, “आच कमी कर!”