संत्र्याच्या सालीहून पातळ हवा

नमस्कार, श्रोतेहो. आंबिया बहाराची संत्री बाजारात आली आहेत. घरात असेल तर एक हातात घ्या. पृथ्वी एवढीशी झाली, तर जमिनीपासून १०० किलोमीटर उंचीपर्यंतची आपली सगळी हवा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची होईल. संत्र्याच्या सालीहून पातळ! मग दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाची हवा इथं बसून कशी ओळखायची?

आपल्या रस्त्यांवरचे ते जुने पिवळे दिवे आठवतात? ते सोडियमचे. सोडियमची वाफ तापली की ठरावीक पिवळा रंग देते, आणि मागून प्रखर उजेड आला तर नेमका तोच रंग गिळते. सगळी किमया या गिळण्यात आहे.

सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर एचडी २०९४५८ नावाचा तारा आहे. त्याचा ग्रह दर साडेतीन दिवसांनी त्याच्यासमोरून जातो आणि ताऱ्याचा उजेड दीड टक्क्यानं घटतो. १९९९ साली हे प्रथम दिसलं. २००१ मध्ये डेव्हिड शार्बनो आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून पाहिलं, तर त्या पिवळ्या रंगात उजेड आणखी किंचित कमी होत होता. किती? दहा हजारांत दोन भाग! ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या कडेच्या हवेतून गाळून येतो, आणि तिथलं सोडियम तो रंग गिळत होतं. परक्या ग्रहाच्या हवेची ती पहिली खूण. एवढ्याशा फरकावर विश्वास ठेवायला किती चिकाटी लागली असेल, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता जेम्स वेब दुर्बीण अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात बघते. आपल्याच हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हा प्रकाश अडवतात, म्हणून ती अवकाशात ठेवली आहे; आणि पृथ्वीच्या उष्णतेपासून लांब, थंड राहावी म्हणून १५ लाख किलोमीटर दूर. २०२२ मध्ये तिला वास्प-३९ बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दिसला.

के२-१८ बी या ग्रहाचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. तिथं मिथेन सापडला, हे २०२३ मध्ये जाहीर झालं. २०२५ मध्ये मात्र, पृथ्वीवर मुख्यतः समुद्री जीव तयार करतात तो वायूही तिथं असावा, असा दावा आला. इतर अभ्यासकांनी तीच निरीक्षणं तपासली; त्यांना पुरावा अपुरा वाटला. मलाही तसंच वाटतं. ‘जीवसृष्टी सापडली’ म्हणायची घाई नको.

आज संध्याकाळी शहराचे दिवे मागे टाकून अमरावती रस्त्यानं जरा बाहेर जा. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन वर दिसेल. त्याच्या पश्चिमेला, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, तो सोडियमवाला तारा आहे. द्विनेत्री आणि नकाशा बरोबर असू द्या.