उजवा की डावा?

मंडळी, मघाशी माझी ओळख ‘सिनेमाचे अभ्यासक’ अशी करून दिली गेली. आमच्या सौभाग्यवती तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. त्या तोंडाला पदर लावून हसल्या, ते मला इथून दिसलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 27 वर्षं गणित शिकवलं. सिनेमे मात्र भरपूर पाहिले आणि पाहून झाल्यावर त्यांवर भांडलो. आज बोलायचंय ते त्या भांडणांबद्दल.

पहिलं भांडण आमच्या घरातलंच. मी लहान असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या रंगनाथ स्वामींच्या जत्रेत आम्ही बैलबंडीनं जायचो. तिथं टुरिंग टॉकीजचा तंबू असायचा. तंबूत मधोमध पडदा, एका अंगाला मशीन आणि बाप्ये, दुसऱ्या अंगाला बाया आणि लहान पोरं. पडद्याचं कापड पातळ, म्हणून चित्र दोन्हीकडून दिसायचं, फक्त मागून पाहणाऱ्याला उलटं. आरशात दिसतं तसं. नावं उलटी यायची, पण आईला वाचताच येत नव्हतं, तिला त्याचं काही नव्हतं. मी आईजवळ बसायचो.

एका वर्षी अमिताभ बच्चनचा सिनेमा होता. कोणता ते आता आठवत नाही, मारधाडीचा होता एवढं खरं. रात्री दीड-दोनला बंडीतून परत येताना बाबा म्हणाले, “त्यानं पिस्तूल डाव्या हातात धरलं होतं. डावखोरा हाये तो.” आई म्हणाली, “काहीतरीच! उजव्या हातात होतं. मी माह्या डोयानं पायलं.” गाव येईपर्यंत ते मिटलं नाही. पुढच्या जत्रेला नवा सिनेमा, तरी जुनंच भांडण. मी आठवीत गेल्यावर आरशाच्या तुकड्यासमोर दोघांना उभं करून उलगडा करून दाखवला. बाबा म्हणाले, “म्हणजे मीच बरोबर.” आई म्हणाली, “म्हणजे मी बी खोटं नोती बोलत.” आभार कोणी मानले नाहीत.

आता अमिताभ डावखुरा आहे, हे जगजाहीर आहे. पण आईनं जे पाहिलं तेही तिनं पाहिलंच होतं ना! ती कुठं बसली होती, एवढंच काय ते विचारायचं राहिलं होतं.

आपल्याकडं सिनेमा पाहून आलेल्या माणसाला पानठेल्यावर एकच प्रश्न पडतो, “कसा होता?” उत्तरंही तीनच. “भल्ला होता”, “बोर होता”, नाहीतर “टाइमपास हाये.” तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून होईपर्यंत विषय संपलेला असतो. म्हणून आम्ही वाचनालयात शनिवारचा सिनेमा सुरू केला तेव्हा एकच अट ठेवली. मत नंतर, आधी ‘मी काय पाहिलं’ ते सांगायचं. एकच गोष्ट, पण पाहिलेली. पहिले दोन-तीन शनिवार सगळे गप्प. गणिताच्या मास्तरानं पुन्हा फळ्यासमोर बोलावल्यासारखी तोंडं झाली होती.

मग ‘गाभ्रीचा पाऊस’ लावला. सतीश मनवर यांचा, 2009 सालचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी नवरा-बायको आहेत, गाव आपल्याकडचं, कर्ज आणि पेरणी आपलीच. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर या बाईच्या मनात भीती बसते, आपलाही माणूस असंच काही करेल. ती लहानग्या पोराला त्याच्या मागावर ठेवते. बाप जाईल तिथं पोरगा. सिनेमा यातून हसवतोसुद्धा, आणि हसता हसता आपण थांबतो.

दिवे लागले. दुबार पेरणीवर एकानं भाषण केलं, दुसऱ्यानं सरकारवर. मागं भिंतीला टेकून एक बाई बसली होती, पन्नाशीची असेल. ती उठून म्हणाली, “मी बी माह्या पोराले त्याईच्या मांगं मांगं धाडो. बिस्किटाचा पुडा देऊन धाडो.” आणि खाली बसली. तिचा नवरा त्याच खोलीत, दाराजवळ होता. त्याला हे तोवर माहीत नव्हतं. त्यानं मान वर केली नाही आणि दुसऱ्या कोणीही त्याच्याकडं पाहिलं नाही. त्या शनिवारी आणखी कोणी काही बोललं नाही. मी खुर्च्या आवरल्या.

या सिनेमाचं परीक्षण लिहायचं म्हटलं तर मी छायाचित्रणावर लिहीन, बोलीवर लिहीन, दोन पानं भरतील. बिस्किटाचा पुडा मला सुचला नसता.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मास्तर गावकऱ्यांची आरती ओवाळतो आहे. जे आपल्या अंगावरून गेलंय त्यावरचा सिनेमा आपण फार वाईट रीतीनं पाहतो. ‘शेरनी’ घ्या. अमित मसूरकर यांचा, 2021 चा, विद्या बालन वनाधिकारी आहे. सिनेमा घडतो मध्य प्रदेशात, पण पाहताना आपल्या भागातल्या कोणालाही माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-1 वाघीण, म्हणजे अवनी, आठवल्याशिवाय राहत नाही. पांढरकवडा-राळेगावकडची माणसं आमच्याकडं सोयरीकीत आहेत. ते दिवस त्यांनी काढलेत. वावरात जायचं तर घोळक्यानं, सांज व्हायच्या आत घरी. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती मारली गेली, तेव्हा शहरात लोक हळहळले आणि इकडं फटाके फुटले.

त्यामुळं ‘शेरनी’ संपल्यावर आमच्याकडं पंचनामाच सुरू झाला. “असं झालंच नोतं.” “आमच्याकडं कॅमेरे वेगळ्या जागी लावले होते.” “ती मॅडम कोण? अशी कोणी नव्हतीच.” एका पाहुण्यानं तर तारखा लिहूनच आणल्या होत्या. मी म्हटलं, भाऊ, हा सिनेमा आहे, सातबारा नाही, यात फेरफार चालतो. ते मला म्हणाले, “ज्याच्या धुऱ्यावर वाघ बसला नाही त्यानं बोलू नये.” झालं. माझ्या धुऱ्यावर वाघ बसलेला नाही. मी गप्प बसलो.

पण घरी गेल्यावर विचार करत राहिलो. पाहुणे साक्षीदार म्हणून शंभर टक्के खरे होते. प्रेक्षक म्हणून मात्र ते दोन तास डोळे मिटून स्वतःचीच आठवण पाहत बसले होते. वाघिणीच्या नावावर निवडणूक लढवणारे दोन पुढारी, कचेरीतली ती सुस्त दुपार, आपल्या कामाला अर्थ उरला नाही हे कळूनही रोज कामावर जाणारी बाई, यातलं काही त्यांना दिसलंच नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर सिनेमा मला आवडला. जंगल त्यात शोभेचं नाही, गावातल्या बाया बिनडोक दाखवलेल्या नाहीत. एक खटकलं. भीती. रात्री लघवीला उठताना माणसाला वाटते ती भीती त्यात पुरेशी उतरली नाही. आणि ही खोट दाखवून देण्याइतकं त्या पाहुण्यांशिवाय कोणाला कळणार होतं? तेवढीच एक गोष्ट ते बोलले नाहीत. तारखा बोलत राहिले.

आमच्या गावात सगळ्यात जास्त सिनेमे कोण पाहतं, सांगा बरं? कॉलेजची पोट्टी नव्हेत. जागलीला जाणारा एक चाळिशीचा माणूस. तूर, हरभरा उभा असला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, येतात, रात्रभर मचाणीवर बसावं लागतं. हा संध्याकाळी गावातल्या चांगल्या रेंजमध्ये दोन सिनेमे मोबाईलमध्ये उतरवून घेतो. मल्याळम, तेलुगू, कोरियन, जे हिंदीत बोलतं ते सगळं. एका कानात वायर, दुसरा कान डुकरांसाठी मोकळा. सकाळी पानठेल्यावर निकाल. त्याचं मोजमाप असं की सिनेमा जितका चांगला तितकं नुकसान जास्त. मल्याळम ‘दृश्यम’ पाहिला त्या रात्रीबद्दल तो म्हणतो, “त्या पिच्चरनं माही अर्धा एकर तूर खाल्ली.” तारे-बिरे देणाऱ्यांनी याच्याकडं शिकवणी लावावी.

त्याचं एक निरीक्षण मी विसरत नाही. तो म्हणाला, सर, मी अर्ध्या कानानं ऐकतो ना, तर ज्या सिनेमात सारखं बोलतात तो मला समजतच नाही. ज्यात माणसं चूप राहून काही करतात तो समजतो. सिनेमाच्या अभ्यासवर्गात हेच सांगायला तासभर लागतो. हे शिक्षण त्याला डुकरांनी दिलं.

कानाचा विषय निघाला म्हणून सांगतो, आमच्या पिढीला ‘शोले’ दिसण्याआधी ऐकू आला. 15 ऑगस्ट 1975 ला तो लागला, पहिल्या दिवसांत धंदेवाईक मंडळींनी आपटला म्हणून सांगितलं, आणि पुढं मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. जाणकारांचं मत एकीकडं आणि लोकांची कुजबुज दुसरीकडं, कुजबुज जिंकली. संवादांची तबकडी निघाली, ती लग्नात भोंग्यावर वाजायची. सिनेमा पाहिला तेव्हा गब्बर माझ्या मनातल्यापेक्षा बुटका निघाला. मी नाराज झालो होतो.

आता अलीकडचा सिनेमा. ‘स्थळ’. जयंत सोमलकर यांचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्यांच्याच डोंगरगावात केलेला, बहुतेक माणसं कधी कॅमेऱ्यापुढं न गेलेली. 2023 ला टोरांटोच्या महोत्सवात त्याला आशियाई सिनेमासाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि 7 मार्च 2025 ला तो आपल्या थिएटरांत आला. आम्ही दोन गाड्या करून चंद्रपूरला गेलो. एक गाडी बायांची, एक बाप्यांची. टुरिंग टॉकीज अजून गेली नाही म्हणायची.

गोष्ट चिमूटभर. सविता नावाची मुलगी शिकते आहे, बाप कापूस पिकवतो, कापसाला भाव नाही, आणि मुलीला पाहायला पाहुणे येत आहेत. येतात, पोहे खातात, प्रश्न विचारतात, जातात. पुन्हा येतात. तीच बैठक, तेच प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. सुरुवातीला एक स्वप्न आहे, त्यात बाया रांगेनं बसल्यात आणि पाहायला मुलगा आणलाय. शेवट मी सांगणार नाही, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पाहा.

परतताना चहाला थांबलो तर बाप्ये म्हणाले, “चांगला आहे, पण तेच तेच दाखवते. तीन-तीनदा पाहण्याचा कार्यक्रम काहून?” आमच्या भावकीतली एक मुलगी, बीएड झालेली, चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, “काका, तीनदाच दाखवलं. माह्यं तर अकरादा झालं.” कोणी हसलं नाही. मग तिची आई म्हणाली, आणि हे मला जास्त लागलं, “मी पूर्ण पिच्चरभर त्या स्टुलाकडं पाहत होती. आमच्या घरी बी तोच स्टूल काढतो.” मी गणिताचा माणूस, मी त्या सिनेमात पाहुण्यांच्या फेऱ्या मोजल्या होत्या. स्टूल मला दिसलाच नव्हता. पाहणाऱ्यांच्या बाकावर मी आयुष्यात पुष्कळ वेळा बसलो आहे, पोहे खाल्ले आहेत, उंची विचारली आहे. त्या स्टुलावर कधी बसलो नाही, तर दिसणार कुठून?

बोलीबद्दल थोडं बोलून संपवतो, वेळ झाली असा इशारा झालाय. मराठी सिनेमात वऱ्हाडी बोलणारा माणूस वर्षानुवर्षं गडी नाहीतर विदूषक. तो तोंड उघडतो तो हशा यायला. म्हणून ‘झुंड’मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली पोट्टी ‘बे’ म्हणतात आणि तो ‘बे’ विनोद नसतो, तेव्हा आमच्याकडच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ‘कोर्ट’मधला शाहीर नागपूरच्या वीरा साथीदार यांनी उभा केला, ‘नाळ’मधला चैत्या अमरावतीच्या श्रीनिवास पोकळेनं. यावर आमच्याकडं मतभेद आहेत. झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला, एक मित्र म्हणतो, तुम्ही वऱ्हाडी ऐकून इतके खूश होता, आमची झाडीबोली कुठं आहे? आमच्या नाटकाला दिवाळीपासून रात्र-रात्र लोक बसतात, त्यातल्या नट परशुराम खुणेंना 2023 ला पद्मश्री मिळाली, मग सिनेमाला आमचा पत्ता का सापडत नाही? माझ्याकडं उत्तर नाही. त्याला म्हटलं, तू कर. तो म्हणाला, पैसे दे.

हं, आईचं राहिलं. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. आई आता 84 ची आहे, टीव्हीसमोरच्या खाटेवर असते. मागच्या महिन्यात अमिताभचा कुठलासा जुना सिनेमा लागला होता. ती बराच वेळ डोळे बारीक करून पाहत होती. मग मला हाक मारली. म्हणाली, “बाबू, हे टीव्हीवाल्यानं पिच्चर उलटा लावला का रे?”

मी म्हटलं, “हो.”