विसाव्याचा खर्च

(नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

हिवाळी अधिवेशन जवळ आले की सिव्हिल लाइन्समधल्या रामगिरी बंगल्याची रंगरंगोटी सुरू होते, रविभवनाच्या कॉटेजेस झाडूनपुसून सज्ज होतात आणि अधिवेशन आटोपले की सगळा परिसर पुन्हा निवांत होतो. मुख्यमंत्र्यांचा हा बंगला वर्षातले बहुतेक दिवस मुक्कामाविना असतो, हे आपल्याला ठाऊक आहे आणि त्यावर आपण दरवर्षी नेमाने कुरकुरतोही. ती कुरकुर मला गैर वाटत नाही. सत्तेवरच्या माणसाच्या मुक्कामाचा आणि विसाव्याचा खर्च कोणी उचलायचा, हा मुळात लोकशाहीचाच प्रश्न आहे. नेत्यांच्या घरांविषयी बोलताना आपण साधेपणा आणि डामडौल या दोनच मापांनी मोजत आलो आहोत. आज मी ती मापे बाजूला ठेवून प्रत्येक घराच्या दाराशी एवढेच विचारणार आहे की, पैसे कोणी दिले?

या प्रश्नाचे सर्वांत प्रांजळ उत्तर एका ब्रिटिश कायद्यात सापडते. लंडनच्या वायव्येला चिल्टर्नच्या टेकड्यांत चेकर्स नावाचा सोळाव्या शतकातला वाडा आहे. त्याचे मालक आर्थर ली यांनी तो पंतप्रधानांच्या विसाव्यासाठी देशाला देऊ केला आणि १९१७ साली संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. (लींच्या दातृत्वामागे त्यांच्या अमेरिकन पत्नीच्या माहेरची संपत्ती होती, हेही हिशेबात धरायला हवे.) या दानामागचा विचार विलक्षण आहे. तोवरचे बहुतेक पंतप्रधान जमीनदार घराण्यांतले, म्हणून शनिवार-रविवार गावाकडच्या वाड्यावर जाणे ही त्यांची घरचीच सोय होती. पण पुढचे सत्ताधारी कोणत्या वर्गातून आणि कोणत्या परिस्थितीतून येतील हे सांगता येत नाही, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. आठवड्यातले दोन दिवस टेकड्यांवरची स्वच्छ हवा मिळाली तर त्यांची प्रकृती सुधारेल आणि प्रकृती सुधारली तर कारभारही शहाणपणाने होईल, अशी आशाही तिथे व्यक्त केली आहे. कायद्याच्या भाषेत इतका जिव्हाळा क्वचितच आढळतो. १९२१ पासून वाडा वापरात आला आणि तीनच वर्षांनी, १९२४ मध्ये, एका शेतमजुराचा आणि मोलकरणीचा मुलगा, रॅम्से मॅकडोनल्ड, पंतप्रधान म्हणून त्या दारातून आत गेला. श्रीमंत नसलेल्या माणसाने सत्तेवर यावे असे वाटत असेल, तर त्याच्या विसाव्याची तजवीज समाजाने करायला हवी, असा त्या वाड्याचा अर्थ मी लावतो. रामगिरीवर कुरकुरताना तो ध्यानात ठेवावा.

विन्स्टन चर्चिल यांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. चार्टवेल हे घर त्यांनी १९२२ साली पाच हजार पौंडांना घेतले आणि ते त्यांच्या मिळकतीला कधीच झेपले नाही. ते स्वतः तिथे भिंती रचत, गवंड्यांच्या संघटनेचे सभासदही झाले होते, पण विटा रचल्याने देणी फिटत नसतात. अखेर १९४६ मध्ये श्रीमंत मित्रांनी पैसे गोळा करून ते घर राष्ट्रीय न्यासासाठी, म्हणजे वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेसाठी, विकत घेतले आणि चर्चिल यांनी हयातभर तिथेच राहावे अशी सोय केली. युद्धकाळात तर चांदण्या रात्री चेकर्ससुद्धा शत्रूच्या विमानांना वरून दिसेल या भीतीने ते दुसऱ्याच एका स्नेह्याच्या वाड्यावर मुक्कामाला जात. विसावा मित्रांच्या खर्चाने घेतला, तर मित्रांचे ऋण राहते. चर्चिल यांच्या बाबतीत ते किती महागात पडले हे मी ठरवू शकत नाही, पण आपल्याकडे एखाद्या मंत्र्याचे घर उद्योगपती मित्रांनी विकत घेऊन त्यालाच राहायला दिले असते, तर आपण काय म्हटले असते?

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलो या घराबद्दल मात्र संदिग्धता नाही. त्या डौलदार घराचा खर्च गुलामांच्या श्रमांतून निघाला. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. १८२६ साली ते वारले तेव्हा एक लाख डॉलरहून अधिक कर्ज मागे होते आणि ते फेडण्यासाठी पुढच्याच वर्षी माणसांचा लिलाव झाला.

फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या शार्ल द गॉल यांच्याकडे मला आदराने पाहावेसे वाटते. कोलोंबे या आडगावातले ला ब्वासरी हे घर त्यांनी १९३४ साली, लष्करात अधिकारी असताना, स्वतःच्या पैशाने घेतले. डाउन सिंड्रोम असलेल्या धाकट्या मुलीला, आनला, शांत जागा हवी होती हे त्यामागचे मोठे कारण. १९५८ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर त्याच घरी पाहुणे म्हणून आले आणि दोन वैरी देशांच्या समेटाची सुरुवात एका खासगी दिवाणखान्यात झाली. भूमध्य समुद्राकाठचा सरकारी किल्ला मात्र द गॉल यांना मानवला नाही. तिथे त्यांनी १९६४ साली एकच रात्र काढली, तीही आखूड पलंगावर आणि डासांच्या संगतीत. १९७० साली ते कोलोंबेलाच वारले आणि मुलीशेजारी त्यांचे दफन झाले.

नेल्सन मंडेला यांच्या घराची कथा या सगळ्यांहून निराळी आहे. कारावासाच्या अखेरच्या काळात, १९८८ च्या डिसेंबरात, त्यांना व्हिक्टर व्हर्स्टर तुरुंगाच्या आवारातल्या, तुरुंगाधिकाऱ्यांसाठीच्या एका स्वतंत्र घरात हलवले गेले. तिथे स्वयंपाकी होता, पोहण्याचा तलाव होता आणि खर्च वर्णद्वेषी सरकारचा होता. सुटकेनंतर कुनू या बालपणीच्या गावी घर बांधायची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्याच घराचा आराखडा घेतला. रात्री-अपरात्री उठले तरी चाचपडावे लागू नये, असे सोपे कारण त्यांनी दिले होते. सत्तावीस वर्षांनी सुटलेल्या माणसाला जेलरचा आराखडा ओळखीचा वाटावा, यावर आणखी भाष्य करण्याची माझी हिंमत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभारले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. विसावा हा शब्द त्या वास्तूला लावताना मी अडखळतो, कारण तिथे पुस्तकांना जागा आधी आणि माणसांना नंतर होती. १९५६ च्या ऑक्टोबरात धम्मदीक्षेसाठी ते नागपूरला आले, तेव्हा सीताबर्डीवरच्या एका हॉटेलात उतरले होते. आपल्या शहराच्या इतिहासातला सर्वांत मोठा पाहुणा, आणि त्याचे इथे घर नव्हते.

आणि सेवाग्राम. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला (याच गावाचे नाव पुढे सेवाग्राम झाले) राहायला गेले, तेव्हा तिथे धड रस्ता नव्हता, मलेरिया होता आणि त्याच वर्षी ते स्वतः तापाने आजारीही पडले. झोपडी शंभर रुपयांच्या आत, गावच्या मातीची आणि गावच्याच मजुरांच्या हातची असावी, अशी त्यांची अट होती. आपण तिथे जातो, साधेपणाने भारावतो आणि परत येतो. पण जमीन वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांची होती. चेकर्समागे जसे ली, तसे सेवाग्राममागे जमनालालजी. फरक मला एका गोष्टीत दिसतो. लींनी माणूस न पाहता पदाला घर दिले, तर जमनालालजींनी पद नसलेल्या माणसाला जागा दिली आणि तो माणूस देशाचा कारभारच तिथे घेऊन आला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना थेट बोलता यावे म्हणून आश्रमात दूरध्वनी बसवला गेला, तो आजही जपून ठेवला आहे. ज्या घरात व्हाइसरॉयचा फोन खणखणतो, त्याला विसाव्याची जागा म्हणवत नाही. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजी तिथून निघाले, ते परतले नाहीत.

तेव्हापासून ती झोपडी राखणे, हाच तिचा मुख्य खर्च. मातीची भिंत दगडी वाड्यासारखी शंभर वर्षे बिनदिक्कत उभी राहत नाही. ती सारवावी लागते, बांबू वाळवीपासून जपावे लागतात आणि पावसाळ्याआधी, आपल्या वऱ्हाडी-नागपुरी भाषेत सांगायचे तर, कवेलू फेरावे लागतात, म्हणजे छपराची कौले काढून पुन्हा नीट बसवावी लागतात. पुढच्या खेपेला सेवाग्रामला गेलात, तर बापूकुटीच्या आत डोकावण्याआधी क्षणभर बाहेर थांबून छपराकडे पाहा आणि यंदा कवेलू कोणी फेरले, हे तिथल्या माणसाला विचारा.