टायरोनची अर्लकी

नमस्कार श्रोतेहो. आज बोलणार आहे आयर्लंडमधल्या एका किताबाबद्दल, ज्याच्या वारशावरून भाऊच वैरी झाले.

आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टर प्रांतात ओनील कुळाची पिढ्यान्‌पिढ्या सत्ता होती. सरदार वारला की गादी थोरल्या मुलालाच मिळेल, असा तिथला रिवाज नव्हता. भाऊबंदांतला कर्तबगार पुरुष निवडायचा, टलीहोगच्या टेकडीवर दगडी आसनावर बसवायचा, आणि मग त्याला नुसतं ‘ओनील’ म्हणायचं.

१५४२ साली कॉन ओनील ग्रीनिचला आठव्या हेन्रीपुढे गेला. कुळाचं पद सोडलं, जमीन राजाच्या स्वाधीन केली, आणि तीच जमीन राजाच्या सनदेनं परत घेतली. वर किताब मिळाला, अर्ल ऑफ टायरोन, म्हणजे अल्स्टरमधल्या टायरोन भागाचा उमराव. त्या सनदेत वारस म्हणून कॉनचा मुलगा मॅथ्यू याचं नाव लिहिलं गेलं, आणि तंटा पेटला.

कॉनचा आणखी एक मुलगा शेन म्हणू लागला, हा मॅथ्यू डंडॉकच्या लोहाराचा पोरगा. आणि आमच्यात वारस कुळ ठरवतं, राजा नाही! १५५८ मध्ये शेनच्या माणसांनी मॅथ्यूला ठार केलं. शेनही १५६७ मध्ये मारला गेला.

मॅथ्यूचा मुलगा ह्यू मात्र दोन्ही मान मिळवून बसला. १५८५ मध्ये इंग्रजांनी त्याला अर्ल मानलं. १५९५ मध्ये टलीहोगला तो ‘ओनील’ही झाला. मला वाटतं, इंग्रजांना त्याच्या फौजेइतकंच हे दुसरं पद खुपत होतं. किन्सेलच्या लढाईत ह्यू इंग्रजांपुढे हरला, त्यानंतर १६०२ मध्ये त्यांच्या सेनापतीनं, माउंटजॉयनं, टलीहोगचं ते आसनच फोडून टाकलं.

१६०३ च्या तहात ह्यूनं ‘ओनील’ हे पद सोडलं, अर्लकी राखली. पण १६०७ च्या सप्टेंबरात रॅथमुलनहून जहाजानं त्याला देश सोडावा लागला. घाईत पाचेक वर्षांचा धाकटा मुलगा कॉन मागेच राहिला. त्याला पुढे इंग्लंडला नेऊन लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत ठेवलं. बापलेकांची ही ताटातूट वाचताना आजही जीव कासावीस होतो. ह्यू १६१६ मध्ये रोमला वारला.

राजानं किताब आणि जमीन दोन्ही जप्त केलं. अल्स्टरमध्ये इंग्लंड-स्कॉटलंडचे लोक आणून वसवले गेले. टायरोनचा किताब नव्यानं आधी पॉवर घराण्याला, मग १७४६ मध्ये बेरेसफर्ड घराण्याला दिला गेला. आज तो वॉटरफर्डच्या मार्क्विसकडे आहे.