कपडे धुण्याच्या खोलीतलं ‘केम छो’

(वडोदऱ्यातल्या डांडिया बाजारात, परदेशी शिकायला निघालेली मुलं आणि त्यांचे पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. व्हिसा, बँक, थेपले किती दिवस टिकतात, हे सगळं आधीच्या वक्त्यांनी सांगून झालंय. माझ्या वाट्याला आलाय तो सहसा कुणी काढत नाही असा विषय: परदेशात एकट्या पडलेल्या मुलांना ओढून घेणारे धार्मिक गट.

नव्वदच्या दशकात मी अमेरिकेत शिकायला गेले. पहिल्या तीन आठवड्यांत आपणहून माझ्याशी बोलली ती एकच मुलगी, हॉस्टेलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या मशीनपाशी. मी बडोद्याची म्हटल्यावर पुढच्या भेटीत ती ‘केम छो’ शिकून आली. मी मराठी, पण तिथे ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं हो! मग व्हॉलीबॉल, मग रविवारचं जेवण, मग ‘बायबल समजून घ्यायला बसतेस का?’ बसले. त्यात वावगं काय? आपल्याकडे शेजारच्या काकू सत्संगाला नेतातच की.

चौथ्या बैठकीत माझ्यापुढे कोरा कागद आला. आजवरची पापं लिही म्हणाले. आईशी खोटं बोलून पाहिलेला एक सिनेमा मी लिहिला. आठवड्याभरात, मी कधी भेटलेही नव्हते अशा एका मुलीने मला त्या सिनेमाबद्दल छेडलं. मी जाणं बंद केलं. त्यानंतर ‘केम छो’ही बंद. समोरासमोर आलो तरी ती साबणाच्या डब्याकडे बघायची. त्या गटाचं नाव मी घेणार नाही.

ज्यांचा इतिहास जाहीर आहे अशांबद्दल मात्र बोलू. १९७९ साली बॉस्टनजवळ लेक्सिंग्टन इथे किप मॅकीन या तरुण धर्मोपदेशकाने जेमतेम तीसेक माणसांना घेऊन एक चळवळ उभी केली. तिची मुळं फ्लोरिडातल्या गेन्सविलच्या विद्यापीठाभोवतीच्या एका चर्चमध्ये होती. पुढे तिचं नाव झालं इंटरनॅशनल चर्चेस ऑफ क्राइस्ट. रीत अशी, की प्रत्येक नव्या माणसावर एक जुना ‘शिष्य घडवणारा’ नेमायचा. त्याच्याशी वारंवार बोलायचं, त्याच्यापाशी चुका कबूल करायच्या, कुणाबरोबर फिरायला जावं हेही त्याला विचारायचं. बाप्तिस्मा खरा तो आमचाच, ही शिकवण. बाकीच्या ख्रिश्चनांचाही उद्धार झालेला नाही, असा त्याचा अर्थ. बॉस्टन विद्यापीठाने या गटाला आवारात बंदी केली, नंतर इतर अनेक विद्यापीठांनीही. २००२ मध्ये मॅकीन पायउतार झाले. पुढच्या वर्षी लंडनमधल्या त्यांच्याच एका नेत्याने लिहिलेल्या खरमरीत जाहीर पत्राने सगळा डोलारा हलला. अनेक ठिकाणच्या चर्चनी माफी मागितली, पद्धती बदलल्या. मॅकीननी मात्र पुढे वेगळी संघटना काढली.

कोरियातल्या जुंग म्यंग-सोकच्या पंथाची गोष्ट याहून काळी. विद्यार्थ्यांना खेळाच्या, मॉडेलिंगच्या निमित्ताने ओढायचं. त्याला २००९ मध्ये बलात्काराबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर २०२२ मध्ये पुन्हा अटक.

इथे कुणीतरी हळूच म्हणालं, ‘म्हणूनच आपल्याकडे कायदा आहे.’ आहे, गुजरातचा २००३चा. बळजबरी, प्रलोभन, फसवणूक यांनी केलेल्या धर्मांतरावर आहे तो. पण ‘केम छो’ यातलं कशात बसवाल? प्रलोभन म्हणाल तर रविवारी पाव आणि पाणचट सूप असायचं. मला ओढलं ते एकटेपणाने, आणि एकटेपणाला कलम लावता येत नाही. आणि गंमत बघा, अमेरिकेत या गटांविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत विद्यापीठांच्या चॅपेलमधले ख्रिश्चन धर्मगुरूच होते. तेव्हा रेव्हरंड टिळकांचे अभंग आवडणाऱ्या घरांनी ख्रिस्ताला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये. शिकागोच्या १९३३च्या सर्वधर्म परिषदेत आपले सयाजीराव महाराज बोलले होते. त्यांच्या गावात एवढी समज असायला हवी.

मुलांनो, कुठल्याही गटात जा, पण सुरुवातीलाच संघटनेचं पूर्ण नाव विचारा. उत्तर गोलमोल आलं तर लक्षात ठेवा. मग एका बैठकीला, कारण न देता, ‘नाही जमणार’ म्हणा. त्यांच्या श्रद्धेपेक्षा त्या ‘नाही’चं काय होतं ते बघा. फोनवर फोन येतात, की पुढच्या आठवड्यात तितक्याच मायेने चहा मिळतो?

आणि पालकांनो, मुलगी असलं काही बोलली तर ओरडू नका. ‘घरचे विरोध करतील’ हे तिला तिथे आधीच सांगून ठेवलेलं असतं. तुम्ही ओरडलात की त्यांचं भाकीत खरं ठरतं. मी आईला सांगितलं तेव्हा परदेशी फोनला मिनिटामिनिटाचे पैसे पडायचे. तरी कागदापर्यंतचं सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आईने विचारलं, ‘कोणता सिनेमा?’