वहिनीची अंगठी आणि माझं कोकलणारं मशीन

नमस्कार. माझी ओळख करून देताना ‘संशोधक’ असा शब्द आला. तो मागे घ्यावा अशी विनंती. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात पस्तीस वर्षं हायड्रॉलिक सिलिंडर जोडले. घरी काही हरवलं की मला हाक मारतात, एवढंच माझं संशोधन.

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘वॉटरप्रूफ मेटल डिटेक्टर : जमिनीवर आणि तळ्यात कसा वापरावा’. वेळ पाऊण तास. मागच्या रांगेत दोघं-तिघं वेगळ्याच आशेने बसलेत, ते मला दिसतंय. त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. वीस फुटांवरचा मोहरांचा हंडा हे मशीन दाखवत नाही. सुटं नाणं असेल तर एक वीत, फार तर थोडं वर. हंडाच असेल तर दोन-तीन फूट, तेही माती शहाणी असली तर. ज्यांना उठायचंय त्यांनी चहा घेऊन जावं, चहा झालाय. (हशा)

तर हे लचांड माझ्यामागे लागलं कसं, ते सांगतो. आमच्या घरचा गणपती गौरीबरोबर जातो. गावच्या तळ्यावर थोरल्या वहिनी पायरीवर उभ्या राहिल्या, ओंजळीने पाणी घेतलं आणि बोटातली अंगठी गेली. गार पाण्यात बोट आकसतं, घरातली घट्ट अंगठी तिथे सैल होते. लग्नातली अंगठी. वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. “भावजी, तुम्ही इतकी मशिनं केलीत म्हणता, एक मशीन हे शोधायचं नाही काय?”

आता मान खाली घालून मशीन मागवण्याशिवाय काय करणार? जाहिरातीत मोठ्या अक्षरात ‘वॉटरप्रूफ’. बारीक अक्षरात काय होतं ते वाचायला चष्मा लागतो, आणि तो तेव्हा हरवला होता. (हशा) पहिल्याच दिवशी मी कमरेइतक्या पाण्यात उतरलो, पाय शेवाळावरून सटकला, मशीन दांड्यासकट बुडालं आणि वर आलं ते मुकं होऊन. मग चष्मा सापडला. वॉटरप्रूफ होती ती फक्त खालची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तारेच्या वेटोळ्यांची चकती. वरची पेटी, जिच्यात सगळा मेंदू, तिला पावसाचे शिंतोडेसुद्धा चालत नव्हते. आणि हा शहाणा माणूस जन्मभर ओ-रिंगा, म्हणजे गळती अडवणारी रबरी कडी, बसवून लोकांच्या सिलिंडरमधलं तेल आत ठेवत होता! घेताना एवढंच विचारा : पेटी किती खोल आणि किती वेळ चालते? धूळ-पाणी किती अडवतं ते सांगणारा ‘आयपी’ आकडा मशीनवर असतो. आयपी ६७ म्हणजे १ मीटर खोल, ३० मिनिटं. आयपी ६८ असेल तर खोली कंपनीने लिहून द्यायची असते, ती वाचा. पाण्यात जाण्याआधी झाकणाच्या रबराला वाळूचा कण चिकटलेला नाही ना, ते बोट फिरवून बघा. एक कण पुरतो.

दुसरं मशीन आलं. पेटीसकट बुडणारं. तोवर गावाला विषय मिळाला होता. पहिल्या दिवशी बांधावर पोरं. “काय शोधूलायसा काका?” दुसऱ्या दिवशी म्हशी धुवायला आलेले एक आजोबा, “बंगार सिक्तेन्री?” सोनं सापडलं का? मी म्हटलं, एक अंगठी. त्यांनी मान डोलावली, म्हणजे त्यांना खरं काय ते कळलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक पाहुणा मोटारसायकलवरून आला, पिशवीत नारळ, लिंबू. मला बाजूला घेऊन म्हणाला, “मास्तर, माझा मेहुणा पायाळू आहे. त्याला आणू काय? निम्मे-निम्मे.” मी म्हटलं, आणा, चिखल उपसायला माणूस पाहिजेच आहे. तो पुन्हा दिसला नाही.

मी हसत सांगतोय खरं, पण या गुप्तधनाच्या नादाने आपल्या भागात जुन्या देवळांचे नंदी फोडलेत, चौथरे उकरलेत. मशीन हातात दिसलं की माणूस त्यातलाच, हा शिक्का बसतो. ही माझी मुख्य तक्रार, आणि त्यावरचा माझा उपाय सांगायलाच मी आलोय. तो शेवटी येईल. वेळ राहिला तर.

पाण्यात मी बावीस दिवस शोधलं. काय काय मिळालं? बाटल्यांची बुचं, खिळे, मूर्तींच्या सांगाड्यातल्या तारा, एक विळा, दोन कुलपं, त्यातलं एक लावलेलं. ढब्बू पैसा एक. आणि घाटाजवळ मशीन नुसतं कोकलायचं. का? तळ्याचं सुशोभीकरण झालंय. जुन्या काळ्या दगडाच्या पायऱ्या काढून काँक्रीट ओतलं, काँक्रीटमध्ये सळ्या, आणि सळ्यांपुढे अंगठीचा आवाज कुणाला ऐकू येणार? असला अपघात भल्याभल्यांना झालाय. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन ती अंगात कुठे आहे ते शोधायला गेले. गोळी सापडली नाही. डॉक्टर एकच बाजू बघू देत होते, आणि खाटेच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. बेलसाहेबांची खाट, माझा घाट. (हशा)

मग वैशाख आला, तळं आटलं, घाटापासून पंधरा पावलं चिखल उघडा पडून तडकला. मी चपला घालून, कोरड्या पायांनी, पाण्यात जिथे तीनदा कॉइल फिरवली होती तिथेच फिरवली. तोच मधला, बसका आवाज. तीनही वेळा पडद्यावरचा आकडा बघून मी ‘गोळ्यांच्या पाकिटाची चांदी’ म्हणून सोडून दिला होता. या वेळी खणलं. चार बोटं खाली अंगठी. वहिनींनी ती नळाखाली धुतली, बोटात घातली, आणि पहिलं वाक्य काय, “भावजी, आता ते मशीन विकून टाका.”

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. किती, दहा मिनिटं? बरं, मग मुख्य विषय दहा मिनिटांत.

मशीन सोनं ओळखत नाही. कॉइलमधलं एक वेटोळं सेकंदाला हजारो वेळा उलटसुलट होणारं चुंबकीय क्षेत्र सोडतं. धातूत त्याने भोवऱ्यासारखा प्रवाह फिरतो, त्या प्रवाहाचं स्वतःचं क्षेत्र उठतं, ते दुसरं वेटोळं ऐकतं. ते किती मागे पडून आलं त्यावरून पडद्यावर आकडा येतो. पातळ सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमची चांदी यांचे आकडे शेजारी-शेजारी, कधी एकच. कचरा गाळायचं बटण दाबलंत की अंगठ्याही गेल्या. लोखंड गाळलंत तर आजचा रुपयाही जाऊ शकतो, कारण तो चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचा आहे. म्हणून हरवलेली वस्तू शोधताना मधला प्रत्येक आवाज खणायचा. कंटाळा येतो. यायचाच.

जमिनीवर पहिलं काम ग्राउंड बॅलन्स. जिथे धातू नाही अशा जागी कॉइल खाली-वर करायची, मातीचा आवाज मिटेपर्यंत. आपल्याकडे हे फार लागतं. खानापूरकडे जांभा, लोहाने भरलेला, मशीनला तो सगळा धातूच वाटतो. बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी माती, तिचा स्वभाव वेगळा. शेत बदललं की पुन्हा करायचं. कॉइल जमिनीला समांतर, हळू, मागच्या फेरीवर निम्मी चढवून. झाडू मारल्यासारखी टोकाला उचलायची नाही. खणलेला खड्डा बुजवायचा, शेतकऱ्याला आधी विचारायचं.

तळ्यात सोपं एक आहे. समुद्राचं खारं पाणी वीज वाहून नेतं आणि मशीनला पिसाळवतं. आपलं गोडं पाणी जवळजवळ गप्प असतं, बोलतो तो तळचा चिखल. बिनतारी हेडफोनच्या लहरी पाणी गिळतं, तेव्हा पेटी बुडणार असेल तर तारेचाच आणि पाण्यात चालणारा घ्या. आवाज आला की तिथे पाय रोवायचा आणि काढेपर्यंत हलवायचा नाही. चिखल ढवळला की दिसत काहीच नाही, पाय हीच खूण. काढायला मी स्टेनलेस पत्र्याला भोकं पाडून लांब दांड्याचा झारा केलाय. भज्यांचा असतो तसाच, फक्त बादलीएवढा. छातीवर पाणी नको, एकट्याने नको, अनवाणी तर नकोच, तारा आणि काचा आहेत. आणि माझा अनुभव विचाराल तर चैत्र-वैशाखापर्यंत थांबा.

कायदा. इंग्रजांनी १८७८ साली गुप्तधनाचा कायदा केला, दहा रुपयांवरचं पुरलेलं काही मिळालं तर कलेक्टरला कळवा. कर्नाटकाने १९६२ साली स्वतःचा केला. शंभर वर्षांवरची नाणी, मूर्ती यांना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागतो. बेळगावचा किल्ला, त्यातली कमल बस्ती म्हणजे जुनं जैन मंदिर, हलशीची देवळं, राजहंसगड, इथे मशीन गाडीतून खाली काढायचंच नाही. आपल्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकाळची वस्ती कळली ती थर बघत, नोंद करत खणल्यामुळे. नाणं उपटून खिशात घातलं की ते कुठल्या थरातलं, हे कायमचं गेलं.

हो, बेल ऐकली. माझा उपाय एका दमात. मशीन एकाच्या घरात असलं की संशय येतो. ते वाचनालयात ठेवा, शिडी आणि सतरंजीसारखं, वहीत नोंद करून न्यायचं. अंगठी, किल्ली, शेतात पडलेला नांगराचा बोल्ट, ज्याचं त्याने शोधावं. आणि दरवर्षी श्रावणात, गणपतीच्या आधी, पोरांनी घाटाच्या कडेने एक फेरी मारून तारा-खिळे काढावेत, म्हणजे विसर्जनाला कुणाचा पाय फाटणार नाही. माझं मशीन मी आजच देतो. वहिनींचीही तशीच इच्छा आहे.

प्रश्न नंतर खाली विचारा. उद्या सकाळी साडेसहाला तळ्यावर येतो. जुन्या चपला घाला, हातातलं घड्याळ आणि कडं घरी ठेवा, झारा माझ्याकडे आहे.