आधी गल्ली बघा, मग फ्लॅट
(नागपुरात नव्याने आलेल्या पालकांसमोर केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

नमस्कार. मागे ऐकू येऊन राहिलं ना? बरं. हॉलमध्ये बघते तर काही जण मिहानच्या कंपन्यांतले दिसतात, काही एम्समधले, काही बँकवाले, आणि शेवटच्या रांगेत आजी-आजोबा, ज्यांना कोणी विचारलंच नाही की बाबा तुम्हाला यायचंय का. मी प्राथमिकला शिकवायची. वर्गात नवीन आलेलं पोट्टं कोणाच्या शेजारी बसवायचं, हे ठरवण्यात माझी बरीच नोकरी गेली. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तर्री पोहे खायला लवकर निघायचंय त्यांनी खुशाल निघावं. मोठी माणसं शहरात राहायला येतात, पण आठ वर्षांचं मूल एका गल्लीत राहायला येतं. तुमचं नागपूर म्हणजे ऑफिस, विमानतळ, मेट्रोचं स्टेशन आणि पुण्याच्या मानाने भाडं किती कमी याचा हिशोब. त्याचं नागपूर म्हणजे स्कीमचं (इथे बिल्डरच्या सोसायटीला स्कीम म्हणतात) गेट, खालचं पार्किंग, कोपऱ्यावरचं किराणा दुकान आणि सायकल जिथपर्यंत नेऊ देता तिथपर्यंतचा रस्ता, बस, तेवढंच. आणि घर आपण बघतो कसं? दुपारी बारा वाजता, ब्रोकरच्या गाडीतून, एका रविवारी चार फ्लॅट. दुपारी बारा वाजता गल्ली कुठे दिसते हो कोणाला.

म्हणून माझा हट्ट असतो की घर पसंत पडलं की त्याच ठिकाणी मधल्या वारी संध्याकाळी साडेसहाला परत जा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं गेटवर उभं राहा. मुलं खाली उतरतात का, तुमच्या मुलाच्या वयाची आहेत का, बॉल कंपाउंडबाहेर गेला की कोणी काकू ओरडतात का (ओरडत असतील तर चांगलं लक्षण आहे, म्हणजे कोणीतरी बघून राहिलंय). बेसा, पिपळा, मनीषनगरच्या पुढे, हिंगणा रोडच्या पलीकडे नवीन नवीन स्कीमा झाल्यात, मोठे फ्लॅट, दोन-दोन बाल्कन्या, मॉड्युलर किचन, आणि अर्धी बिल्डिंग रिकामी. तिथे तुमचं मूल एकटं. उलट प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, लक्ष्मीनगर, धरमपेठ, तिकडे महाल, नंदनवन, अशा जुन्या लेआउटमध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये, फ्लॅट जुना मिळेल, टाइल्स फुटक्या असतील, पार्किंगवरून भांडणं होतील, पण जवळ एखादं एनआयटीने, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासने, केलेलं गार्डन असतं आणि संध्याकाळी पोरांचा कल्ला असतो. मी म्हणेन एक खोली कमी घ्या. नवीन स्कीम घ्यायचीच असेल तर निदान दोन प्रश्न विचारून घ्या, पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं, आणि शाळेची व्हॅन सकाळी किती वाजता येते. सकाळी सहाला व्हॅनमध्ये बसणारं आणि तीनला परत येणारं मूल खाली खेळायला उतरत नाही, ते झोपतं.

आता कधी यायचं. सगळे येतात एप्रिल-मेमध्ये, कारण परीक्षा संपली, सामान हलवायला सुट्टी मिळाली. आता तुम्ही मुंबई-पुण्याहून आलात तर नागपूरचा मे तुम्हाला माहीत नसतो. पारा 45 च्या आसपास, दुपारी रस्ते ओस, तोंडाला दुपट्टे बांधलेली चार माणसं, आणि गल्लीतली निम्मी मुलं आजोळी गेलेली. म्हणजे तुम्ही मुलाला त्याच्या मित्रांतून उचलून आणलं आणि अशा गल्लीत ठेवलं जिथे त्या महिन्यात मुलंच नाहीत. मग कूलरसमोर गादी टाकायची आणि हातात मोबाईल. वरून आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते, बाकी महाराष्ट्रात राज्य बोर्डाच्या शाळा साधारण जूनच्या मध्यात उघडतात, विदर्भात उन्हामुळे महिनाअखेरीस, कधी 1 जुलैला. पुण्याचे मित्र शाळेत गेले, त्यांचे फोटो यायला लागले आणि हा अजून घरीच. मेमध्येच यावं लागलं तर इलाज एकच, पहाट. सकाळी साडेपाच-सहाला इथल्या ग्राउंडवर, स्विमिंगच्या बॅचला गर्दी असते, उन्हाळ्यात नागपूरची मुलं तेव्हाच भेटतात. मुलाला उठवायला जड जाईल, तरी उठवा.

आणि ज्याला सगळे घाबरतात, मधेच वर्ष तोडून येणं, त्याला मी तितकी घाबरत नाही. जूनमध्ये अख्खा वर्ग नवीन असतो, बाईही नवीन, त्यात एक अजून नवीन मूल कोणाच्या लक्षात येतं? ऑक्टोबरमध्ये आलेलं मूल मात्र वर्गात बातमी असते. सगळे वळून बघतात, डबा विचारतात, तुझ्याकडे समुद्र होता का विचारतात. अभ्यास मागे-पुढे होतो, तो भरून निघतो. हे माझं मत आहे, तुमच्या मुलाच्या स्वभावावर आहे शेवटी.

कागदपत्रांचं पटकन सांगते. एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, मिळाली नाही म्हणून शाळा थांबवून ठेवते अशी तक्रार फार ऐकू येते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यात स्पष्ट लिहिलंय की जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवीन शाळेने प्रवेश अडवायचा नाही. पण नीट ऐका, बदली मागण्याचा हा हक्क आठवीपर्यंत आणि सरकारी, अनुदानित शाळांपुरता आहे, विनाअनुदानित खाजगी शाळा त्यात येत नाहीत. म्हणून खाजगीत घालायचं असेल तर दाखला हातात घेऊनच गाव सोडा. केंद्रीय विद्यालयाचं वेगळं असतं, तिथे बदलीच्या सरकारी नोकरीवाल्यांना प्राधान्य असतं आणि मागच्या 7 वर्षांत किती बदल्या झाल्या ते मोजतात, त्यामुळे जुन्या बदल्यांच्या ऑर्डरी फेकू नका.

भाषेचं. साताऱ्याचं एक कुटुंब आलं होतं, आई घाबरून मला भेटायला आली की मॅडम, मराठी शाळेत घातलं आणि मुलगा घरी हिंदी बोलायला लागला. अहो, नागपुरात मुलं खेळतात हिंदीत! वर्गात मराठी, रिक्षात हिंदी, क्रिकेटमध्ये दोन्हीची खिचडी, आणि 'तू काय करून राहिला' असं त्याने विचारलं की समजा तो रुळला. त्याला घरी सुधारत बसू नका, तुम्ही सुधारलं तर तो खाली वेगळा पडतो. जे दुसऱ्या राज्यातून आले त्यांनी लक्षात ठेवा, 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात कुठल्याही बोर्डाच्या शाळेत मराठी शिकवणं सक्तीचं आहे. मुलगी सहावीत येऊन अ-आ-इ गिरवणार, आणि चौथीतली पोरं तिला हसणार. ट्यूशन लावा, हरकत नाही, पण मी बघितलंय की मराठी जिन्यात आणि पार्किंगमध्ये जास्त लवकर येते.

आणि मला सगळ्यात जास्त ज्याच्याबद्दल बोलायचं होतं ते आता. तान्हा पोळा. विदर्भाबाहेरचे लोक विचारतात हे काय नवीन. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा, लाकडी बैल घेऊन. नागपुरात हे भोसल्यांच्या काळापासून चालत आलेलं आहे. मूल नटूनथटून, बैलाला झूल, माळा, बेगड लावून चौकात तोरणाखाली उभं राहतं आणि मग तो बैल ओढत घरोघरी जातं, लोक बैलाची पूजा करतात, मुलाला बोजारा देतात, म्हणजे पैसे, खाऊ. त्याच दिवशी सकाळी तिकडे इतवारीत मारबतीची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक, काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे (तेही पुतळेच), 'घेऊन जा गे मारबत'चा गजर, ती गर्दी मोठी असते, लहान मुलाला खांद्यावर घेऊन बाजूने दाखवा. पण संध्याकाळचा तान्हा पोळा चुकवू नका. मला सांगा, दुसरा कोणता सण आहे जो नवीन आलेल्या मुलाला एका संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक दारापर्यंत नेतो? कुत्रं कोणाकडे आहे, कोणाकडे दादा आहे, कोणाच्या आजी लाडू देतात, सगळं त्याला कळतं, आणि त्या घरांनाही कळतं की दुसऱ्या मजल्यावर कोण आलंय. जूनमध्ये आलात तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हा दिवस येतो. इतवारी-महालच्या बाजारात बैल मिळतात, छोटासा घ्या, चाकं नीट फिरतात का तेवढं बघा. तमिळ असा, बंगाली असा, मुस्लिम असा, गल्लीतलं मूल म्हणून गेलं की बोजारा मिळतो.

जुन्या गावाला नावं ठेवू नका, हे एक राहिलंच. "काय होतं तिथे, नुसतं ट्रॅफिक" असं आपण मुलाला बरं वाटावं म्हणून बोलतो आणि त्याला वाटतं आता आठवण काढायचीही चोरी.

प्रश्न घेऊ. काय म्हणता जी? मुलगी दहावीत जाणार आहे. मग थांबा. सीबीएसईत दहावी-बारावीत थेट प्रवेश सहज होत नाही, बदलीसारखं कारण दाखवून बोर्डाची परवानगी लागते. शक्य असेल तर तुम्ही एकटे पुढे या, एक वर्ष ये-जा करा. आणि मेडिकलचा विचार असेल तर आत्ताच बघून घ्या, महाराष्ट्राच्या कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही इथून झालेली लागतात, सोबत डोमिसाइल. काही अपवाद आहेत, त्या वर्षीचं सीईटी सेलचं, म्हणजे राज्याचे प्रवेश बघणाऱ्या कार्यालयाचं, माहितीपत्रक वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

तुमचा? फ्लॅट लगेच विकत घ्यावा का. नाही हो. आधी भाड्याने घ्या. 11 महिन्यांचा करार असतो, जूनमध्ये आलात तर तो एप्रिल-मेमध्ये संपतो, तोवर पोराचे मित्र कुठे राहतात ते तुम्हाला कळलेलं असतं. मग त्याच भागात शोधा, आणि ब्रोकरकडे जायच्या आधी खालच्या इस्त्रीवाल्याला विचारा, कोणता फ्लॅट रिकामा होणार ते त्याला आधी माहीत असतं.